बेरजेत न मावणारी मते

२९ जून २०२१ रोजी न्यूयॉर्क शहराच्या निवडणूक मंडळाने महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचे, नवे आकडे जाहीर केले आणि काही वेळातच लोकांच्या लक्षात आले, की एकूण मतांत लाखाहून जास्त मतांची भर पडली आहे. आदल्या आठवड्यात, २२ जूनच्या रात्री, मतदान केंद्रांवरच्या मतांचा जो एकूण आकडा सांगितला होता, त्याच्याशी हा आकडा जुळेना. आघाडीवर असलेल्या एरिक ॲडम्स यांच्या गोटानेही हा फरक कुठून आला, असे जाहीरपणे विचारले. त्याच रात्री मंडळाने आकडे मागे घेतले. संगणकप्रणाली तपासण्यासाठी भरलेल्या सुमारे १,३५,००० नमुना मतपत्रिका पुसायच्या राहून गेल्या होत्या आणि खऱ्या मतांबरोबर त्याही मोजल्या गेल्या होत्या.

मंडळावर सडकून टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण मला या प्रकरणातला हलगर्जीपणा जितका महत्त्वाचा वाटतो, त्याहून त्यामागचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. साडेनऊ लाखांच्या आसपास मतपत्रिका एकाच ठिकाणी, एकाच मोजणीत आणाव्या लागल्याच का? केंद्राकेंद्राचे आकडे मागवून बेरीज केली असती तर काय बिघडले असते?

न्यूयॉर्कने २०१९ च्या सार्वमतात पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली होती आणि महापौरपदासाठी ती २०२१ मध्ये पहिल्यांदाच वापरली जात होती. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात ज्यांनी मत दिले आहे, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. जांभळ्या शाईच्या पेनाने नावांपुढे १, २, ३ असे आकडे टाकायचे, आणि मग पहिल्या पसंतीत निकाल लागला नाही की दुसऱ्या पसंतीची मते मोजत रात्र उजाडते. न्यूयॉर्कच्या मतदाराला पाचपर्यंत पसंती देता येत होत्या. मोजताना कोणालाच निम्म्याहून जास्त मते नसतील, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या प्रत्येक मतपत्रिकेवर पुढची पसंती ज्याची असेल, त्याच्याकडे ती जाते. असे करत शेवटी दोघे उरतात.

मतपत्रिकेवर १३ नावे होती. साध्या पद्धतीत प्रत्येक केंद्राने १३ आकडे कळवले की काम झाले. पसंतीक्रमात मात्र मत म्हणजे एक नाव नाही, नावांची रांग आहे. १३ जणांतून एकच नाव लिहिणारे १३ प्रकारे लिहू शकतात, दोन लिहिणारे १५६ प्रकारे, तीन लिहिणारे १,७१६ प्रकारे, चार लिहिणारे १७,१६० आणि पाच लिहिणारे १,५४,४४० प्रकारे. एकूण १,७३,४८५ वेगवेगळ्या रांगा! केंद्राकडून सारांश मागवायचा तर प्रत्येक केंद्राला इतक्या रकान्यांचा तक्ता भरावा लागेल.

मग प्रत्येक केंद्राने आपापल्या फेऱ्या पूर्ण करून अंतिम आकडे का पाठवू नयेत? कारण एका केंद्रात एक उमेदवार आधी बाद होईल, शेजारच्या केंद्रात दुसरा. कोण कधी बाद झाले यावर पुढची मते कुठे जाणार हे ठरते, त्यामुळे ते निकाल एकमेकांत मिळवताच येत नाहीत. बाद होण्याचा क्रम साऱ्या शहराचा मिळून एकच असावा लागतो. म्हणून टपाली मते आल्याशिवाय खरा क्रमही कळत नाही, आणि न्यूयॉर्कमध्ये अशी मते सव्वा लाखाच्या घरात होती. दोन आठवडे निकाल अडकला, तो या कारणाने. त्यात कोणाचा कावा नव्हता.

या रांगांची आणखी एक बाजू आहे. मोजणी कोणालाही पडताळता यावी म्हणून मंडळाने नंतर मतपत्रिकांच्या नोंदी, अर्थातच नावांशिवाय, केंद्रनिहाय खुल्या केल्या. पारदर्शकतेच्या दृष्टीने हे उत्तमच. पण काही भाग इतके लहान होते की तिथे त्या पक्षाचा एखादाच मतदार मतदानाला आला होता. कोण मत देऊन गेले याची यादी तर सार्वजनिक असते. दोन्ही जोडून संशोधकांनी दाखवून दिले, की ३७८ मतदारांनी कोणाला मत दिले ते ओळखता येते. त्यांची गुप्तता अशी उघडी पडणे मला चाचणीच्या मतपत्रिकांच्या घोळाहून गंभीर वाटते, कारण घोळ एका दिवसात दुरुस्त झाला.

आता निकालाकडे. पहिल्या पसंतीत ॲडम्स ३०.७ टक्क्यांवर होते. ते निवृत्त पोलीस कॅप्टन आणि ब्रुकलिन विभागाचे तेव्हाचे प्रमुख. त्यांच्यामागे नागरी हक्कांच्या वकील माया वायली २१.४ टक्के, शहराच्या सफाई खात्याच्या माजी आयुक्त कॅथरिन गार्सिया १९.६ टक्के आणि उद्योजक अँड्र्यू यँग १२.२ टक्के. साध्या पद्धतीत वायली दुसऱ्या ठरल्या असत्या आणि विषय संपला असता.

पण मतदानाच्या तोंडावर यँग गार्सियांबरोबर प्रचाराला उतरले आणि दुसरी पसंती त्यांना द्या, असे आपल्या समर्थकांना सांगू लागले. गार्सियांनी मात्र त्यांच्यासाठी तशी शिफारस केली नाही. यँग बाद झाले, त्यांच्या मतपत्रिका उलगडल्या आणि गार्सिया वायलींच्या पुढे गेल्या. टपाली मतांविना केलेल्या, दुरुस्त केलेल्या मोजणीत या दोघींमधले अंतर होते अवघे ३४७ मतांचे. शेवटच्या फेरीत ॲडम्स यांच्यासमोर कोण उभे राहणार, हे त्या घडीला या ३४७ मतांवर ठरत होते. सगळी टपाली मते मिळाल्यावर अंतर १२,२०४ झाले.

तिसरे कोण राहते याला इतके महत्त्व असावे का, यावर गणितज्ञ दीर्घकाळ वाद घालत आले आहेत. व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन या लहान शहरात २००९ मध्ये महापौर निवडताना अँडी माँट्रोल तिसरे येऊन बाद झाले. नंतर मतपत्रिका तपासल्या, तर समोरासमोरच्या लढतीत त्यांनी उरलेल्या दोघांनाही हरवले असते! सर्वांची दुसरी पसंती असलेला माणूस पहिल्या पसंतीअभावी गळतो, हा या पद्धतीचा खरा दोष आहे, आणि बर्लिंग्टनने पुढच्याच वर्षी ती रद्द केली. निर्दोष पद्धत शोधू म्हटले तरी सापडत नाही. पसंतीक्रमांवरून निकाल काढायचा आणि उमेदवार तीन किंवा अधिक असतील, तर अगदी रास्त वाटणाऱ्या मोजक्या अटीही एकाच वेळी पाळता येत नाहीत, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध करून ठेवले आहे. तरीही एकाच नावावर शिक्का मारण्यापेक्षा पसंतीक्रमात मतदाराला जास्त सांगता येते, असे माझे मत आहे.

शेवटच्या फेरीचे आकडे मी कागदावर मांडून पाहिले. वायली बाद होताना ॲडम्स यांच्याकडे ३,५४,६५७ मते होती, गार्सियांकडे २,६६,९३२. अंतर ८७,७२५. वायलींच्या २,५४,७२८ मतपत्रिकांपैकी १,३०,३८४ गार्सियांकडे गेल्या आणि ४९,८५६ ॲडम्स यांच्याकडे. म्हणजे ज्यांनी या दोघांपैकी कोणाला तरी पुढे ठेवले होते, त्यांच्यातल्या शंभरातल्या बहात्तर जणांनी गार्सियांना निवडले. इतकी मोठी लाट येऊनही अंतर भरून निघाले नाही. ॲडम्स ४,०४,५१३, गार्सिया ३,९७,३१६. फरक ७,१९७.

हे आकडे पाहताना मला आपल्या १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीची आठवण झाली. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५ मतमूल्य मिळाले, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, १,१२,७६९ वर. बाद झालेल्यांची, म्हणजे मुख्यतः देशमुखांची, पुढची पसंती प्रामुख्याने रेड्डींकडे वळली. रेड्डी ४,०५,४२७ पर्यंत चढले, पण गिरी ४,२०,०७७ वर पोचून जिंकले. तिसऱ्याची मते दुसऱ्याला उचलतात आणि तरी थोडक्यात कमी पडतात, हे चित्र दोन्हीकडे तेच. फरक एका बाबतीत आहे आणि तो मोठा आहे. आपल्याकडे विजयाचा कोटा सुरुवातीच्या एकूण वैध मतांवरून काढला होता, ४,१८,१६९, आणि गिरींनी तो प्रत्यक्ष ओलांडला. न्यूयॉर्कमध्ये निम्मे मोजले जाते ते त्या फेरीत जिवंत असलेल्या मतपत्रिकांचे. ॲडम्स यांचे ५०.४ टक्के त्या हिशेबाने आहेत. मोजल्या गेलेल्या सगळ्या ९,४२,०३१ मतपत्रिका धरल्या, तर ते ४२.९ टक्क्यांवर येतात.

मधल्या १,४०,२०२ मतपत्रिका संपल्या होत्या. त्यांच्यावर लिहिलेली सगळी नावे बाद झाली होती आणि शेवटच्या दोघांपैकी एकाचेही नाव नव्हते. कोणी एकच नाव लिहून थांबले असेल, तर कोणी पाचही पसंती भरल्या असतील आणि पाचही जण गळले असतील. यातल्या ७४,४८८ तर वायलींकडूनच शेवटच्या फेरीआधी निखळल्या. समजा, या ७४,४८८ मतदारांनी उरलेल्या दोघांपैकी एकाचे नाव लिहिले असते, आणि त्यातल्या शंभरापैकी पंचावन्न जणांनी गार्सियांना पसंती दिली असती, तर शहराला पहिली महिला महापौर मिळण्याचा मार्ग तिथेच खुला झाला असता. त्यांनी काय केले असते ते मतपत्रिका सांगत नाही, कारण पुढच्या ओळी कोऱ्या होत्या किंवा पाचव्या ओळीखाली जागाच नव्हती.