कार्मेलच्या चौकांची भूमिती

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहराच्या उत्तरेला लागून असलेल्या कार्मेल या उपनगराची लोकसंख्या १९९० मध्ये सुमारे २५ हजार होती; नवी वस्ती वाढत गेली, आसपासचा भागही हद्दीत आला आणि २०२० च्या जनगणनेत ती एक लाखाच्या जवळ पोहोचली. अशा उपनगरांत घरे एकीकडे, दुकाने दुसरीकडे आणि मध्ये रुंद रस्ते, अशी सक्तीची विभागणी असते. १९९६ पासून २०२३ अखेरपर्यंत महापौर राहिलेल्या जिम ब्रेनर्ड यांनी मात्र येथे जुन्या धर्तीचे, पायी फिरण्याजोगे मध्यवर्ती शहर उभारण्याचे धोरण चिकाटीने राबवले.

पाहुण्यांचे लक्ष आधी विटांच्या दर्शनी भिंतींकडे आणि २०११ मध्ये खुल्या झालेल्या, इटालियन वास्तुशैलीतील ‘पॅलेडियम’ या संगीतगृहाकडे जाते. माझ्या मते ही सजावट दुय्यम आहे. माणूस पायी चालतो की नाही, हे मुख्यतः अंतर आणि वाहनांचा वेग ठरवतात.

आधी अंतर पाहू. सेकंदाला सुमारे १.३ मीटर या सामान्य गतीने माणूस पाच मिनिटांत जेमतेम ४०० मीटर जातो. तेवढ्या टप्प्यात बरेच काही सामावायचे, तर खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी दाट रचना लागते. येण्याजाण्याच्या वाटेसह एका मोटारीच्या पार्किंगला साधारण ३० चौरस मीटर जागा लागत असल्याने, दुकानांसमोर मोकळी वाहनतळे पसरली की हा टप्पा गाड्यांनीच व्यापला जातो. म्हणूनच कार्मेलच्या सिटी सेंटरमध्ये पार्किंगसाठी जमिनीखालची जागा वापरली आहे.

वेगाचा हिशेब अधिक कठोर आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ६० किलोमीटर वेगाच्या मोटारीत ३० च्या वेगातील त्याच मोटारीच्या चौपट ऊर्जा असते. कार्मेलने सिग्नल काढून दीडशेहून अधिक ठिकाणी वर्तुळाकार चौक बांधले. (गंमत म्हणजे, अमेरिकेतील सुरुवातीच्या स्वयंचलित सिग्नलांपैकी एक १९२४ मध्ये याच गावात बसवला होता.) वळणामुळे चालकाला वेग कमी करावाच लागतो, शिवाय चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांशी ३२ ठिकाणी भिडू शकतात, तर एकपदरी वर्तुळात केवळ आठ ठिकाणी. सिग्नलपाशी खोळंबणाऱ्या रांगांसाठी वाढवाव्या लागणाऱ्या मार्गिकांची गरजही घटते, आणि रस्ता अरुंद राहिला की तो ओलांडायला वेळ कमी लागतो.

एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची ‘मोनॉन ट्रेल’ ही पायवाट या मध्यभागातूनच जाते आणि तिच्या कडेच्या जुन्या औद्योगिक जागेवर आता घरे व दुकाने आहेत. हे सारे स्वस्तात झालेले नाही: पुनर्विकासासाठी नगरपालिकेने काढलेल्या मोठ्या कर्जावर सतत टीका झाली, आणि मध्यभाग सोडला तर उरलेल्या कार्मेलमधील बहुतेक कामांसाठी आजही मोटारच काढावी लागते.