हार्ड डिस्कवरील न हटणारे पार्टिशन

हार्ड डिस्कवर आखलेला एखादा भाग नेहमीच्या आज्ञेने काढता येत नाही, किंवा काढला तरी पुन्हा फॉरमॅट होत नाही, तेव्हा त्याला बोलीत हट्टी पार्टिशन म्हणतात. बायोसवर (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामवर) चालणाऱ्या आणि एमबीआर पद्धतीने, म्हणजे भागांचा तक्ता डिस्कच्या सुरुवातीलाच ठेवून, डिस्क विभागणाऱ्या जुन्या संगणकांवर ही अडचण विशेष येते. असे झाले की डिस्क गेली असे समजून ती फेकून देण्याकडे कल असतो. पुष्कळदा मात्र डिस्क धडधाकट असते आणि पार्टिशन दुसऱ्याच कुणीतरी धरून ठेवलेले असते. ती चालू असलेली ऑपरेटिंग सिस्टीम असेल, बायोसमधली एखादी सेटिंग असेल, पार्टिशनच्या तक्त्यातली चुकीची नोंद असेल किंवा जुन्या वापराची मागे राहिलेली खूणही असेल. धरणारा कोण हे कळले की उपाय सहसा छोटा निघतो. ते न पाहता एकामागून एक प्रोग्राम चालवत सुटले तर वाचू शकणारा डेटाही जातो. म्हणून या नोंदीत उपायांपेक्षा कारणांना जास्त जागा दिली आहे.

पार्टिशनची नोंद

आयबीएमने मार्च १९८३ मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी बाजारात आणला. त्याच्यासोबत आलेल्या पीसी डॉस २.० ने डिस्क विभागण्याची जी रीत घालून दिली, ती पुढे जवळजवळ तीस वर्षे टिकली. या रीतीत डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटचा सेक्टर (डिस्कवरचा लिहिण्या-वाचण्याचा लहानात लहान तुकडा) महत्त्वाचा. त्यातले पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, पुढचे ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट ५५ एए या खुणेसाठी राखलेले असतात. तक्त्यात १६ बाइटच्या चारच ओळी मावतात. भाग कुठून सुरू होतो, किती सेक्टरांचा आहे, त्यावरून संगणक सुरू करायचा का आणि त्याचा प्रकार कोणता, एवढेच त्या ओळीत लिहिलेले असते. प्रकारासाठी एकच बाइट असतो : ०६ म्हणजे फॅट१६, ०७ म्हणजे एनटीएफएस, ०बी आणि ०सी म्हणजे फॅट३२ (या डॉस-विंडोजच्या फाइल-व्यवस्था, म्हणजे फायली मांडण्याच्या पद्धती), ८२ म्हणजे लिनक्सची स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा), ८३ म्हणजे लिनक्सचा नेहमीचा भाग. चारपेक्षा जास्त भाग हवे असतील तर एका ओळीत एक्स्टेंडेड पार्टिशन करून त्याच्या पोटात लॉजिकल भाग आखतात. या लॉजिकल भागांचा एकत्र तक्ता नसतो; प्रत्येकाच्या नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता असतो, आणि अशी साखळी शेवटपर्यंत जाते.

सातबाऱ्यावरचे नाव बदलले म्हणून शेतातले पीक जागचे हलत नाही. पार्टिशन काढण्याचेही तसेच आहे. काढताना १६ बाइटची ओळ कोरी होते, फायली असतात तिथेच राहतात. क्विक फॉरमॅटही नवी, रिकामी फाइल-व्यवस्था मांडतो, बाकीच्या सेक्टरांना हात लावत नाही. विंडोज एक्सपीपर्यंतचा पूर्ण फॉरमॅटसुद्धा खराब सेक्टर शोधण्यासाठी डिस्क नुसती वाचत असे; प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिण्याची पद्धत व्हिस्टापासून आली. चुकून भलतेच पार्टिशन उडवले तरी टेस्टडिस्कसारख्या मोफत साधनाने ते पुष्कळदा परत मिळते, ते यामुळेच. अट एकच, मधल्या काळात त्या डिस्कवर काहीही लिहिलेले नसावे.

पार्टिशन का हटत नाही

सर्वात साधे कारण म्हणजे ते वापरात असते. विंडोज ज्या भागावरून चालू आहे तो भाग विंडोज काढू देत नाही; ज्या भागावर पेजफाइल (स्वॅपसारखेच काम करणारी विंडोजची फाइल) आहे त्याचेही तेच. लिनक्सची लाइव्ह सीडी (डिस्कवर न बसवता सीडीवरूनच चालणारी सिस्टीम) लावली तरी सुटका होईलच असे नाही, कारण काही लाइव्ह सीडी डिस्कवरची स्वॅप सापडताच आपणहून वापरायला घेतात. जीपार्टेड या पार्टिशन आखण्याच्या लिनक्स साधनात अशा भागापुढे किल्लीची किंवा कुलपाची खूण दिसते. तिथे आधी स्वॅपऑफची आज्ञा द्यायची, मग काढायचे. तक्ता बदलूनही कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) जुनाच तक्ता धरून बसला असेल, तर संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू केला की नवा तक्ता वाचला जातो.

विंडोज ९८ च्या काळातल्या यंत्रांवर एफडिस्क या पार्टिशन आखण्याच्या प्रोग्रामची कोंडी प्रसिद्ध आहे. एफडिस्कला क्रम लागतो : आधी लॉजिकल भाग, मग एक्स्टेंडेड, शेवटी प्रायमरी (मुख्य तक्त्यात थेट नोंद असलेला साधा भाग). एक्स्टेंडेडच्या पोटात लिनक्सचा किंवा एनटीएफएसचा लॉजिकल भाग असेल तर एफडिस्कला तो ओळखताच येत नाही. लॉजिकल भाग काढायला गेले की असा भागच नाही असे उत्तर मिळते, आणि एक्स्टेंडेड काढायला गेले की आत लॉजिकल भाग आहेत म्हणून नकार येतो. डॉसबाह्य पार्टिशन काढण्याचा चौथा पर्याय यादीत असतो खरा, पण तो फक्त प्रायमरीवर चालतो. कितीही वेळा प्रयत्न केला तरी एफडिस्कमधून याची सोडवणूक होत नाही. ज्या साधनाला सगळे प्रकार कळतात, उदाहरणार्थ लिनक्सचे एफडिस्क किंवा जीपार्टेड, त्यानेच ते काढावे लागते. एफडिस्क प्रायमरी काढण्याआधी पार्टिशनचे लेबल टाइप करायला लावतो. लेबलात टाइप न होणारी चिन्हे शिरलेली असली की तिथेही गाडी अडते.

साखळीतला बिघाड यापेक्षा वाईट. एखाद्या लॉजिकल नोंदीतला पत्ता फिरून मागच्याच नोंदीकडे बोट दाखवू लागला, तर जुना डॉस सुरू होतानाच त्या चक्रात अडकतो. तेव्हा चांगली बूट फ्लॉपी घालूनही संगणक पुढे जात नाही आणि माणूस रॅमपासून मदरबोर्डपर्यंत सगळ्यांवर संशय घेतो. डिस्कची केबल काढताच फ्लॉपी व्यवस्थित चालली तर दोष तक्त्यातच आहे असे धरायला हरकत नाही.

बायोसमधली व्हायरस वॉर्निंग ही सेटिंग अनेकांच्या लक्षातच येत नाही. स्टोन्ड, मायकेलअँजेलो यांसारखे व्हायरस १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकात डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये घुसत. त्यांना अडवण्यासाठी बायोस बनवणाऱ्यांनी त्या सेक्टरवर काही लिहू पाहणाऱ्या प्रोग्रामला थांबवण्याची सोय केली. व्हायरस आणि एफडिस्क यांतला फरक बायोसला कळत नाही, म्हणून खरे कामही अडते. सेटअपमध्ये जाऊन ही सेटिंग तेवढ्यापुरती बंद करावी आणि काम झाल्यावर हवी तर पुन्हा चालू करावी. व्हायरसचा संशय असताना 'एफडिस्क /एमबीआर' ही आज्ञा आंधळेपणाने देऊ नये. ती सुरुवातीचा प्रोग्राम नव्याने लिहिते, तक्ता मात्र आहे तसाच ठेवते. मंकी या व्हायरसने मूळ तक्ता दुसरीकडे गुंडाळून ठेवलेला असतो. ही आज्ञा दिली की व्हायरस जातो आणि त्याच्यासोबत तक्त्यापर्यंत पोचण्याची वाटही जाते.

आकाराच्या मर्यादा हा जुन्या यंत्रांचा कायमचा त्रास. ५२८ मेगाबाइट, ८.४ गीगाबाइट, ३३.८ गीगाबाइट, १३७ गीगाबाइट अशा पायऱ्या एकामागून एक आल्या आणि प्रत्येक पायरीला काही बायोस अडखळले. विंडोज ९८ च्या मूळ एफडिस्कला ६४ गीगाबाइटच्या पुढचे मोजता येत नसे; ८० गीगाबाइटची डिस्क त्यात जेमतेम १० गीगाबाइटची दिसे. विंडोज एक्सपीला १३७ गीगाबाइटच्या पलीकडचे सेक्टर सर्व्हिस पॅक १ पासून नीट हाताळता येऊ लागले. जुन्या बायोससाठी काही डिस्कांवर क्षमता ३२ गीगाबाइटपर्यंत कापून दाखवणारा जम्पर (पिनांवर बसवायचा छोटा जोड) असतो. मोठ्या क्षमतेने पार्टिशन केलेली डिस्क हा जम्पर लावून जुन्या यंत्रात बसवली, की पार्टिशनचा शेवट डिस्कच्या बाहेर पडतो. जीपार्टेड मग असला तक्ता स्वीकारतच नाही आणि सगळी डिस्क रिकामी दाखवतो. काहीही पुसण्याआधी जम्पर पाहावा.

मर्यादा ओलांडण्यासाठी त्या काळी डिस्क मॅनेजर आणि ईझेड-ड्राइव्ह अशी सॉफ्टवेअरे डिस्कसोबत मिळत. ती पहिल्या सेक्टरमध्ये स्वतःला बसवतात आणि बायोसच्या जागी स्वतः उत्तरे देतात. ईझेड-ड्राइव्ह चालू असताना पहिल्या सेक्टरवरचे लिखाण दुसऱ्याच सेक्टरवर वळवले जाते. त्यामुळे वरवर सगळे पुसल्यासारखे दिसते आणि पुढच्या वेळी संगणक सुरू करताना जुना संदेश पुन्हा हजर होतो. त्याच सॉफ्टवेअरच्या फ्लॉपीने ते काढावे, किंवा ते सुरूच होणार नाही अशा रीतीने लाइव्ह सीडीवरून पहिले सेक्टर पुसावेत.

मागे राहिलेल्या खुणांचा आणखी एक प्रकार अलीकडच्या डिस्क जुन्या यंत्रात बसवताना भेटतो. एमबीआरच्या जागी आलेल्या जीपीटी पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. फक्त पहिला सेक्टर कोरा केला तर ही प्रत जिवंत राहते आणि काही साधने तिच्यावरून जुने भाग पुन्हा दाखवतात. रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या व्यवस्थेत) वापरलेल्या डिस्कची खूणही बऱ्याचदा शेवटाकडे असते. डिस्कची दोन्ही टोके पुसणे हाच यावरचा खात्रीचा उपाय. लिनक्समधले वाइपएफएस आणि एसजीडिस्क हे काम नेमके करतात.

डिस्क खरोखरच खराब असण्याची शक्यता शेवटी येते, पण तिची तपासणी सर्वांत आधी करावी. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्मार्ट या व्यवस्थेत ठेवते. तिथे ५ क्रमांकाला बदली दिलेले सेक्टर आणि १९७ क्रमांकाला वाचता न येणारे, निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर मोजलेले असतात. पहिला सेक्टरच वाचता येत नसेल तर कोणतेही साधन अडणार. अशा सेक्टरवर नव्याने लिहिले की डिस्क तो तपासते आणि गरज पडली तर राखीव साठ्यातला सेक्टर त्याच्या जागी घेते. म्हणूनच पूर्ण डिस्कवर शून्ये लिहिल्यावर कधी कधी अडलेली डिस्क सुरळीत चालू लागते. सैल केबल, वाकलेली पिन किंवा मास्टर-स्लेव्हच्या जम्परचा घोळ यांनीही हुबेहूब अशीच लक्षणे दिसतात.

काढण्याची रीत

डिस्कवर काही मोलाचे असेल तर ते आधी दुसरीकडे उतरवावे. मराठी डीटीपीच्या जुन्या संगणकांबाबत हे अगदी कळकळीने सांगावेसे वाटते. श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेला मजकूर त्या फॉन्टशिवाय अक्षरांचा गोंधळ होऊन बसतो. फायली उतरवल्या आणि फॉन्ट राहिले तर स्मरणिका, दिवाळी अंक, लग्नपत्रिका सगळे हाती असूनही वाचता येत नाही. फॉन्टचे फोल्डर, आणि असेल तर कीबोर्ड लेआउटची फाइल, आठवणीने घ्यावी.

त्यानंतर ज्या डिस्कवर काम करायचे नाही तिची केबल काढून ठेवावी. दोन सारख्या डिस्क समोर असताना चुकीच्या क्रमांकावर बोट पडण्याचा धोका एवढ्याने संपतो. एक्सपी बसवायचे असेल तर त्याच्या सीडीवरून सुरुवात करावी. भागांची यादी येते तिथे डी, मग एंटर, मग एल दाबले की निवडलेला भाग जातो. विंडोजच्या दुसऱ्या संगणकाला डिस्क जोडली असेल तर डिस्कपार्ट हा विंडोजमधला आज्ञांनी चालणारा प्रोग्राम उघडून डिस्कची यादी पाहावी, क्षमतेवरून योग्य डिस्क ओळखून निवडावी आणि क्लीन ही आज्ञा द्यावी. ही आज्ञा खातरजमा करून घेण्यासाठी थांबत नाही. ती तक्ताच पुसते, त्यामुळे डायनॅमिक डिस्क, निर्मात्याचे रिकव्हरी पार्टिशन असे डिस्क मॅनेजमेंटमध्ये करड्या अक्षरांत अडून बसलेले भागही जातात. नुसता एकच राखीव भाग काढायचा असेल तर त्याला निवडून डिलीट पार्टिशनच्या पुढे ओव्हरराइड हा शब्द जोडतात, आणि हा मार्ग शक्य तिथे जास्त चांगला. लिनक्सवाले डीडी या आज्ञेने पहिल्या काही सेक्टरांवर शून्ये लिहितात; त्यात डिस्कच्या नावातले एक अक्षर चुकले तर दुसरी डिस्क जाते.

नवे पार्टिशन करताना यंत्राकडे पाहून फाइल-व्यवस्था निवडावी. विंडोज ९८ साठी फॅट३२ लागते, एक्सपीसाठी एनटीएफएस बरी. विंडोज २००० आणि एक्सपी ३२ गीगाबाइटपेक्षा मोठा भाग फॅट३२ मध्ये फॉरमॅट करत नाहीत, मात्र दुसऱ्या साधनाने केलेला असा भाग बिनतक्रार वापरतात. ज्यावरून संगणक सुरू व्हायचा तो भाग अॅक्टिव्ह करायला विसरले, तर सगळे नीट होऊनही सिस्टीम सापडत नाही असा संदेश येतो.

पूर्ण पुसणे आणि लो-लेव्हल फॉरमॅट

लो-लेव्हल फॉरमॅट करून घ्या, असा सल्ला अजूनही दिला जातो. १९८० च्या दशकातल्या एमएफएम या जुन्या प्रकारच्या डिस्कवर तो वापरणाऱ्याला खरोखर करता येत असे. आयडीई या त्यानंतरच्या प्रकारच्या डिस्कच्या ट्रॅक आणि सेक्टरांची आखणी मात्र कारखान्यातच होते. घरी किंवा दुकानात त्या नावाने जे केले जाते ते प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिणे असते. डिस्कपार्टमधले क्लीन ऑल, लिनक्सचे डीडी किंवा डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांची साधने तेच करतात. मोठ्या डिस्कला याला काही तास लागतात.

जुना संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विकायचा असो, शाळेला द्यायचा असो की ई-कचऱ्यात टाकायचा असो, हे पूर्ण पुसणे करावेच. नुसते पार्टिशन उडवून दिलेल्या डिस्कवरून बँकेची कागदपत्रे आणि घरचे फोटो परत काढणे अवघड नाही. आधुनिक चुंबकीय डिस्कसाठी शून्यांची एक फेरी पुरेशी मानली जाते. ३५ फेऱ्यांची जी पद्धत सांगितली जाते ती १९९६ सालच्या, तेव्हाच्या जुन्या डिस्क समोर ठेवून केलेल्या मांडणीतून आलेली आहे. पुसून झाल्यावर स्मार्टमधला ५ क्रमांकाचा आकडा पुन्हा पाहावा. तो स्थिर असेल तर डिस्क पुढे वापरता येते. रोज वाढत असेल तर पार्टिशन कितीही छान बसले असले तरी त्या डिस्कवर नवीन काही ठेवू नये.