खाणावळीतून गाडीवर: मुंबईच्या खाण्यामागचं कोकण

मे महिना सरत आला की कणकवली स्टेशनावर मुंबईला परतणाऱ्या बोचक्यांचा वास दरवळतो. आमसुलं, कुळथाचं पीठ, सुका जवळा. मुंबई खाऊन बघायची तर लोक चौपाटीच्या भेळेपासून सुरुवात करतात. मी या बोचक्यापासून करेन.

कावसजी दावर यांनी १८५४ साली सूतगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला चात्या फिरू लागल्या. मग गिरण्या वाढत गेल्या, तशी रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं (सिंधुदुर्ग त्यातच होता, १९८१ पर्यंत) बोटीने मुंबईला जाऊ लागली. जायचा तो एकटा गडी. बायको, म्हातारी आणि भाताचे कुणगे गावात. लालबाग-परळला एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपणारे. तिथे चूल कोण पेटवणार? म्हणून खाणावळ. चाळीतलीच एखादी बाई दोन्ही वेळचं रांधून घाली, पैसे पगाराला. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज तिच्याच डोक्यावर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मुंबईच्या खाद्ययात्रांत या बायका क्वचितच भेटतात.

बाजारांचंही तसंच. क्रॉफर्ड मार्केट (१८६९, आताची महात्मा फुले मंडई) बघायला सगळे जातात, मासळीसाठी पहाटे उठून ससून डॉकही (१८७५) करतात. पण उन्हाळ्यात लालबागच्या मिरची गल्लीत जावं. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी, वर धणे, बडीशेप, दगडफूल. सगळं भाजून डंखावर कुटायला द्यायचं आणि आपला मसाला दुसरीच्यात मिसळू नये म्हणून नाकाला पदर लावून तिथेच बसून राहायचं. शिंका येतात, पण जागा सोडायची नाही.

वडापाव त्यामानाने कालचा. पाव पोर्तुगीजांचा, बटाटाही त्यांच्याबरोबरच आलेला. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी दोघांची गाठ घातली असं मानतात. श्रेयाला दावेदार आणखीही आहेत. पाळीवर निघालेल्या माणसाला उभ्या उभ्या, एका हाताने खाता येईल असं काहीतरी हवं होतं, एवढं मात्र खरं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातल्या कित्येकांना गिरणीचं दार पुन्हा दिसलं नाही. कुणी तिथेच वड्याची गाडी टाकली, कुणी गाव गाठलं. आमच्या एसटी स्टँडवरचा गाडीवाला त्यातलाच, आधी साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकामाच्या खात्यात होता. वड्यांचा पहिला घाणा बरोबर सातला काढायचा. इतक्या सकाळी गिऱ्हाईक कुठलं, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "पयल्या पाळीचो टायम तो."