पार्श्वभूमी : बंदोबस्ताच्या हुकमाची तालीम

बेळगावात १ नोव्हेंबर बंदोबस्तातच उजाडतो. एकीकडे कर्नाटकात राहावे लागल्याच्या निषेधार्थ मराठी भाषकांची काळ्या दिनाची मूक सायकल फेरी, दुसरीकडे चन्नम्मा चौकात राज्योत्सवाच्या, म्हणजे कर्नाटक स्थापना दिनाच्या मिरवणुका. चौकातल्या शिपायाकडून कवायत करून घेतलेली असते. पण फेरी कुठून वळवायची, जमाव अडवायचा की वाट द्यायची, हे ठरवणाऱ्या साहेबांची तालीम कुठे होते?

लष्कराने हा प्रश्न लवकर ओळखला. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकारी नकाशावर सोंगट्या मांडून लढाईचा सराव करू लागले. पोलिसांना मात्र माणसे गेल्यावर जाग आली. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्या हिल्सबरो फुटबॉल मैदानाबाहेर गर्दी तुंबली, म्हणून सामन्याच्या बंदोबस्ताच्या प्रमुखाने एक फाटक उघडायला लावले. पण आत प्रेक्षकांच्या आधीच भरलेल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद करायला कुणी सांगितले नाही. चेंगराचेंगरीत ९७ जणांचा जीव गेला. त्या अधिकाऱ्याकडे ही जबाबदारी येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. पुढे लंडनमधल्या स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासाबद्दल १९९९ च्या चौकशी अहवालानेही वरिष्ठ पोलिसांच्या नेतृत्वावर ठपका ठेवला.

याच काळात लंडन पोलिसांतल्या जोनाथन क्रेगो यांनी वरिष्ठांच्या निर्णयांच्या सरावासाठी ‘हायड्रा’ ही संगणकप्रणाली उभी केली. अधिकाऱ्यांचे गट वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. पडद्यावर चित्रफीत येते, मग वायरलेसचा निरोप, मग एखादी अफवा. माहिती अर्धवट असते आणि घड्याळ थांबत नाही. प्रत्येक निर्णय कारणासह नोंदवावा लागतो. नियंत्रण कक्षातले प्रशिक्षक सगळे पाहत-ऐकत असतात, आणि गटाने जे ठरवले त्याप्रमाणे पुढचा प्रसंग सोडतात. शेवटी सगळे एकत्र बसून विचारतात : हे का केले? मला यातली कारणाची नोंद सर्वांत मोलाची वाटते. हुकूम सोडणाऱ्याला तो सोडतानाच स्वतःला उत्तर द्यावे लागते.

सीमाभागात या तालमीची गरज कुणाला पटवून द्यावी लागू नये. जून १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरोधी आंदोलनावर गोळीबार झाला. त्यातल्या नऊ हुतात्म्यांना हिंडलग्याच्या स्मारकावर दरवर्षी १ जूनला आम्ही फुले वाहतो. इथल्या सरावासाठी प्रसंग शोधत बसायला नको. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधले कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन आणि मराठी भाषकांचा महामेळावा एकाच दिवशी येतात, गणपतीची विसर्जन मिरवणूक रात्रभर चालते. फक्त त्या खोलीतल्या पडद्यावर येणारी अफवा कन्नडमध्ये यावी, तशी मराठीतही यावी.