सर्दीची गोळी नाक उघडते का? आणि मग सरकारी शिक्क्यावर विश्वास ठेवायचा की नाही?

पुण्यात पाऊस सरून पहाटेचा गारवा सुरू झाला की अर्धं शहर नाक ओढत असतं, आणि कर्वे रोड असो की हडपसर, कुठल्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहिलं तरी "सर्दीची गोळी द्या" म्हणणारं कोणीतरी येतंच. केमिस्ट कात्रीने स्ट्रिप कापून चार गोळ्या हातात ठेवतो. त्या तुकड्यावर नाव अर्धंच असतं आणि घटकांची बारीक अक्षरं आधीच्या गिऱ्हाइकाबरोबर गेलेली असतात. पूर्ण स्ट्रिप मिळाली तर मागची बाजू वाचा, बहुतेक गोळ्यांवर तीन नावं सापडतील: पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन. यातलं तिसरं, म्हणजे चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं औषध, पोटातून घेतलं तर ते काम करत नाही असं आता बऱ्यापैकी पक्कं झालंय.

नाक चोंदतं ते फक्त शेंबडामुळे नाही. नाकाच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेलं मऊ अस्तर असतं, सर्दीत त्या वाहिन्या फुगतात आणि अस्तर स्पंजसारखं फुगून हवेची वाट अडवतं. फिनाइलेफ्रिन या वाहिन्या आकुंचित करतं, हे अगदी खरंय, म्हणून तर स्प्रेमधून थेट नाकात गेलं की त्याचा गुण येतो. पण गोळी गिळली की ते आधी आतड्यात जातं, तिथून लिव्हरमध्ये, आणि या दोन्ही ठिकाणची एन्झाइम्स त्याची वाट लावतात. पूर्वी असं धरलं जायचं की गोळीतलं ३८ टक्के औषध रक्तात पोचतं. नंतर जास्त नेमक्या पद्धतीने मोजलं तेव्हा कळलं की त्या आकड्यात औषधाचे मोडलेले, निकामी तुकडेही धरले होते, आणि जसंच्या तसं कामाचं औषध एक टक्कासुद्धा पोचत नाही.

मग हे गोळीत आलं कसं? अमेरिकेत १९७६ मध्ये तज्ज्ञांच्या एका समितीने तेव्हाचे छोटे छोटे अभ्यास बघून १० मिलिग्रॅमचा डोस मान्य केला. ज्या लॅबमधून सगळ्यात चांगले निकाल आले होते तसे निकाल इतरांना मिळाले नाहीत, पण तेव्हा ते चालून गेलं. त्या काळी बाजारात नाक मोकळं करणारं दुसरं औषध, सूडोएफेड्रिन, होतं आणि ते पोटातून घेतलं तरी काम करतं. पण त्यापासून मेथ नावाचं नशेचं द्रव्य बनवतात म्हणून २००६ पासून अमेरिकेत ते काउंटरच्या आत ठेवून, ओळखपत्र बघून विकायचा कायदा लागू झाला. कंपन्यांना मोकळ्या शेल्फवर ठेवता येईल असं काहीतरी हवं होतं, म्हणून फिनाइलेफ्रिन पुढे आलं. म्हणजे बदल झाला तो पोलिसांच्या सोयीसाठी, रुग्णाच्या नाकाचा विचार त्यात फारसा नव्हता.

फ्लोरिडा विद्यापीठातले फार्मसीचे दोन प्राध्यापक, लेस्ली हेंडेलेस आणि रँडी हॅटन, यांनी २००७ मध्ये तिथल्या औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, म्हणजे एफडीएकडे, अर्ज केला की हे पुन्हा तपासा. एफडीएच्या सल्लागार समितीने आणखी अभ्यास करा म्हटलं. मग मोठ्या ट्रायल्स झाल्या, एकीत तर १० च्या जागी ४० मिलिग्रॅमपर्यंत देऊन बघितलं, तरी औषध नसलेल्या गोळीपेक्षा फरक दिसला नाही. २०१५ मध्ये पुन्हा अर्ज. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये सल्लागार समितीने १६ विरुद्ध शून्य मतांनी सांगितलं की पोटातून घेतल्यावर हे चालत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या एफडीएने ते मान्य यादीतून काढायचा प्रस्ताव मांडला.

"पण मला तर त्या गोळीने बरं वाटतं" हे मी सोसायटीतल्या काकूंपासून ऑफिसातल्या पोरांपर्यंत सगळ्यांकडून ऐकते आणि ते खोटं बोलत नसतात. पॅरासिटामॉलने अंगदुखी आणि ताप उतरतो, क्लोरफेनिरामिनने वाहणारं नाक थोडं कोरडं होतं आणि झोप लागते, शिवाय साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपणहून जातेच. सगळं श्रेय मात्र अख्ख्या गोळीला मिळतं, म्हणून तिच्यातला एक घटक नुसताच बसून आहे हे कुणाला घरबसल्या कळणं शक्यच नव्हतं, त्यासाठी ट्रायलच लागते.

आता विश्वासाचं बघू. ही बातमी आली तेव्हा व्हॉट्सॲपवर लगेच फिरायला लागलं की अमेरिकेने विषारी म्हणून बंद केलेलं औषध आपल्या माथी मारतात. हे चूक आहे. प्रश्न धोक्याचा नव्हताच, उपयोगाचा होता. सुरक्षित आहे का हा एक प्रश्न, काम करतं का हा दुसरा, आणि बनवताना नीट बनवलंय का हा तिसरा. लोक तिन्ही एकत्र करतात आणि मग एक तर सगळं औषधशास्त्र फसवं ठरवतात, नाहीतर डोळे मिटून कुठलंही सिरप पाजतात. तिसरा प्रश्न तर आपल्याकडे जिवावर बेतलाय. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसपेक्षा जास्त लहान मुलं सर्दी-खोकल्याच्या सिरपने गेली, त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. तपासणीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं, मर्यादा ०.१ टक्का असताना. त्या सिरपवर घटक लिहिलेले होते ते हेच तीन, पण किडन्या निकामी केल्या त्या लेबलवर नसलेल्या विषाने. याच विषाने १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात १४ जण गेले होते, त्याच्या चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला होता. इतक्या वर्षांनी तेच घडतं तेव्हा लोकांना राग येणारच, आणि तो राग मला रास्त वाटतो.

आपल्याकडची अडचण जुनी आहे आणि ती लपलेलीही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्येच सांगितलं होतं की राज्याराज्यांतली औषध तपासणी कमजोर आहे, केंद्रात मजबूत यंत्रणा उभी करा. २०१२ मध्ये संसदेच्या समितीने नोंदवलं की केंद्राची मंजुरी नसताना राज्यांनी कितीतरी मिश्र औषधांना, म्हणजे एकाच गोळीत किंवा सिरपमध्ये दोन-तीन औषधं असलेल्यांना, परवाने दिलेत. २०१६ मध्ये अशा ३४४ मिश्रणांवर बंदी आली, कंपन्या कोर्टात गेल्या, दिल्ली हायकोर्टाने ती उडवली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१८ मध्ये ३२८ वर पुन्हा बंदी घातली. डिसेंबर २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी आणखी एक आदेश काढला, की क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनच्या ठरावीक मिश्रणावर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापा. घरात लहान मूल असेल तर एवढं तरी नक्की लक्षात ठेवा.

अमेरिकेतही चूक सुधारायला सोळा-सतरा वर्षं गेली, म्हणून तिथलं सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाही. पण २०२३ ची ती बैठक कुणालाही ऑनलाइन बघता येत होती, सगळा डेटा, सगळी आकडेमोड डाउनलोड करता येत होती, आणि दोन मास्तरांच्या अर्जाला उत्तर द्यावं लागलं. आपल्याकडे तज्ज्ञ समितीचा निर्णय वेबसाइटवर येतो, पण बऱ्याचदा दोन-चार ओळींत, कशाच्या आधारावर ठरवलं ते वाचायलाच मिळत नाही. विश्वास ठेवा म्हणायचं असेल तर आधी कागद दाखवा, एवढंच माझं मागणं आहे, आणि मान्यता जुनी असेल तर ठरावीक वर्षांनी ती पुन्हा तपासा.

तोवर नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब बिनधास्त वापरा, बाळांनाही चालतात. झायलोमेटाझोलिनचा स्प्रे मोठ्यांना खरंच आराम देतो, पण चार-पाच दिवसांपेक्षा जास्त ओढू नका, कारण नंतर स्प्रे थांबवला की नाक आणखी चोंदतं आणि माणूस त्यालाच चिकटून बसतो. बीपी असेल तर सूडोएफेड्रिन असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मेडिकलमध्ये स्ट्रिप कापायच्या आधी मागची बाजू बघायला मागा, घटकांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि कुठल्याही औषधाने त्रास झाला तर भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर कळवा, ती नोंद आपण स्वतः करू शकतो, डॉक्टरच लागतो असं नाही.