प्लॅनचा स्पीड वेगळा, घरातल्या वायरीचा वेगळा

रात्री लावलेला बॅकअप सकाळी निम्माही झालेला नसला की पहिला फोन नेटवाल्याला जातो. जळगाव-धुळ्याकडे त्याचं उत्तर तयारच असतं: "भाऊ, शंभरचा प्लॅन तीनशेचा करून घ्या." बिल वाढतं, बॅकअप होता तिथेच राहतो. राउटरला जोडलेल्या नॅसवर (म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कच्या डब्यावर) किंवा आतल्या खोलीतल्या शेअर केलेल्या डिस्कवर जाणारी फाइल इंटरनेटवर जातच नाही. संगणकातून राउटरमध्ये आणि राउटरमधून डिस्कवर, सगळं घरातल्या घरात.

पटत नसेल तर बॅकअप चालू असताना राउटरची इंटरनेटकडून येणारी वायर मिनिटभर काढून बघा. शिरपूरच्या एका फोटो स्टुडिओत हे केलं, तर मालक स्क्रीनकडे बघतच राहिले: "नेट बंद शे, तरी बॅकअप चालस!"

म्हणजे प्लॅनचा स्पीड तुमच्या दारापर्यंतचा. दाराच्या आतला स्पीड ठरतो पोर्ट, वायर, वायफाय आणि डिस्क यांच्यात जे सगळ्यात हळू असेल त्यावर. दोन्ही आकडे मेगाबिटमध्येच सांगतात, घोळ तिथून सुरू होतो. त्यात फाइल कॉपी करताना विंडोज दाखवतं मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला कागदोपत्री १२.५ मेगाबाइट आणि प्रत्यक्षात ११च्या आसपास मिळतात. गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटच्या, जोडणीवर ११०च्या आसपास. लग्नसराईतलं ५०० जीबीचं शूटिंग पहिल्या जोडणीवरून पाठवायला साडेबारा तास लागतात, दुसरीवरून सव्वा तास, अर्थात डिस्क तेवढी वेगवान असेल तर.

आता वायर. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट उघडा. लिंक स्पीड १०००/१००० हवा. १००/१०० दिसला तर राउटरचा किंवा संगणकाचा पोर्टच शंभरचा असेल, नाहीतर वायरीत खोट आहे. गिगाबिटला वायरीतल्या आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात. वायरीच्या टोकाचा जॅक नीट क्रिम्प झाला नाही, म्हणजे दाबून बसला नाही, किंवा माळ्यावर उंदराने एखादी तार कुरतडली, तर जोडणी गुपचूप शंभरवर उतरते. लाइट लुकलुकत राहतो, नेटही चालतं, कोणाला पत्ता लागत नाही. शंभरच्या प्लॅनवर स्पीड टेस्टही ठीकच येते! तीनशे घेतल्यावरही त्याच संगणकावर ९४-९५च येत असेल, तर नेटवाल्यावर चिडण्याआधी ही वायर बदला. चांगली कॅट ५ई (नेटवर्क वायरीचा एक प्रकार) वायर पुरते.

वायफायचं थोडक्यात सांगतो: बॅकअपसाठी मी त्याच्या भरवशावर राहत नाही. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या भिंती हातभर जाड. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल एका भिंतीतच गळपटतो, २.४ पलीकडे पोचतो पण रांगत. त्यात डिस्कही वायफायवरच असेल, तर तोच डेटा हवेतून दोनदा जातो आणि उरलासुरला वेग निम्मा होतो.

वायर ठीक असूनही बॅकअप रखडला, तर ४-५ जीबीची एकच व्हिडिओ फाइल त्या डिस्कवर कॉपी करून बघा. ती सुसाट गेली आणि फोल्डर मात्र अडखळत गेलं, तर दोष हजारो बारक्या फाइलींचा. प्रत्येक फाइल उघडा-बंद करण्यातच वेळ जातो. एकच फाइलसुद्धा ३०-३५ मेगाबाइटवर अडकली आणि डिस्क राउटरच्या यूएसबीला लावलेली असेल, तर तो पोर्ट बहुधा यूएसबी २.०, म्हणजे जुन्या, हळू प्रकारचा आहे.

प्लॅनचा स्पीड कामाला येतो तो हाच डेटा क्लाउडवर चढवताना. तेव्हाही कामाचा आकडा अपलोडचा, आणि काही प्लॅनमध्ये तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. नेटवाल्याला आधी तोच विचारा.