मांजराने लिटर बॉक्सबाहेर लघवी करणे

पाळीव मांजर ठरलेली जागा, म्हणजे लिटर बॉक्स (लघवी-विष्ठेसाठी दाणेदार माती किंवा वाळू, म्हणजेच लिटर, घातलेला ट्रे), सोडून गादी, सोफा, कपड्यांचा ढीग, बेसिन किंवा दाराशेजारची भिंत अशा ठिकाणी लघवी करू लागते, तेव्हा ते बहुधा आजाराचे, ताणाचे किंवा गैरसोयीचे लक्षण असते. मांजर सूड म्हणून असे करते ही समजूत फार पसरलेली असली, तरी तिला काहीही आधार नाही. या समजुतीपायी कितीतरी आजारी मांजरे उपचाराऐवजी मार खातात, काहींना तर घरच सोडावे लागते.

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे कोरड्या प्रदेशात राहणारे आफ्रिकी रानमांजर. पाणी कमी पिणे, लघवी दाट असणे आणि भुसभुशीत माती उकरून विष्ठा-लघवी पुरणे या सवयी तिथूनच आल्या. पूर्वी घरात राख किंवा वाळू वापरत. १९४७ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लो यांनी दाणेदार माती विकायला सुरुवात केली आणि आजचे लिटर रूढ झाले.

सवय अचानक मोडली, तर पहिली पायरी पशुवैद्याकडे जाण्याची. तरुण व मध्यमवयीन मांजरांत सर्वाधिक आढळतो तो मूत्राशयाचा दाह, आणि बहुतेक वेळा त्यामागे जंतुसंसर्ग नसतो. नेमके कारण सापडत नाही, पण ताणाशी त्याचा जवळचा संबंध आहे. घर बदलणे, नवे बाळ, दुसरे मांजर, एवढेच काय, खिडकीबाहेर घुटमळणारा परका बोकाही पुरतो. मूतखडे हे आणखी एक कारण. लघवी करताना दुखते, मांजर त्या दुखण्याची सांगड लिटर बॉक्सशी घालते आणि मऊ, थंड अशी दुसरी जागा शोधते. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा थायरॉइड वाढल्यामुळे लघवीचे प्रमाण वाढते. सांधे आखडले असतील, तर उंच काठाच्या बॉक्समध्ये चढणेच जमत नाही.

बोक्याच्या बाबतीत एक गोष्ट ओळखता यायलाच हवी. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने खडा किंवा चिकट गुठळी अडकून लघवी पूर्ण तुंबू शकते. तो पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, लिंग सतत चाटतो. लिटरमध्ये मात्र थेंबभर ओल किंवा रक्ताचा डाग दिसतो, कधी तेही नसते. अनेकांना हे बद्धकोष्ठ वाटते. लघवी तुंबली की रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, रात्रीच दवाखाना गाठावा. माणसांची वेदनाशामके देऊ नयेत; पॅरासिटामॉल मांजराला विषारी आहे.

फवारा मारणे हा प्रकार वेगळा. मांजर उभ्यानेच भिंतीकडे पाठ करते, शेपटी ताठ उभारून थरथरवते, मागचे पाय जागच्या जागी हलवते आणि थोडीशी लघवी भिंतीवर उडवते. ही हद्द आखण्याची खूण आहे. नसबंदी न झालेल्या बोक्यांत ती जास्त दिसते, पण मांजरीही असे करतात. नसबंदीनंतर सुमारे १० टक्के बोके आणि ५ टक्के मांजरीच ही सवय सुरू ठेवतात.

आजार नसेल, तर दोष बहुधा बॉक्समध्ये सापडतो. मांजरांच्या संख्येपेक्षा एक बॉक्स जास्त हवा आणि सगळे एकाच कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही. दबंग मांजर वाट अडवून बसले, की दुसऱ्याला पर्याय उरत नाही. बॉक्सची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या दीडपट असावी. बाजारातले बरेच बॉक्स याहून लहान असतात. बारीक दाण्याचे, गोळे बनणारे, बिनवासाचे लिटर बहुतेक मांजरांना आवडते. सुगंधी लिटर माणसाच्या नाकासाठी असते. जागा शांत, खाण्याच्या भांड्यांपासून दूर असावी; गोळे रोज काढावेत.

डाग नुसत्या साबणाने धुतल्यास माणसाला वास येत नाही, मांजराला येतो, आणि ते त्याच जागी परतते. म्हणून एन्झाइमयुक्त क्लीनर ओतून तो आत मुरू द्यावा लागतो. अमोनिया असलेली द्रव्ये टाळावीत, कारण त्यांचा वास लघवीसारखाच वाटतो. लघवीवर ब्लीच ओतल्यास विषारी वायू तयार होतो.

ओरडणे, मारणे किंवा नाक डागात घासणे यांनी फक्त भीती वाढते आणि मांजर लपून लघवी करू लागते. त्याऐवजी लपायच्या आणि चढायच्या जागा, नियमित खेळ, ओले अन्न व पाण्याची जादा भांडी यांनी ताण उतरतो, लघवीही पातळ राहते. एवढे करूनही फरक पडला नाही, तर पशुवैद्य फ्लुओक्सेटिनसारखे ताण-चिंता कमी करणारे औषध सुरू करतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि ते अचानक बंद न करता मात्रा हळूहळू कमी करत थांबवावे लागते.